राज्यशास्त्राचा अध्यापक: विषय, भाषा आणि उपजीविका

महाराष्ट्रात राज्यशास्त्र हा विद्यापीठीय विषय म्हणून कसा घडला, याचा विचार बहुधा विचारवंतांच्या आणि ग्रंथांच्या अंगाने केला जातो. परंतु हा विषय ज्यांनी वर्गात उभा केला त्या अध्यापकांचा पगार, त्यांच्या नेमणुकीच्या अटी, ते ज्या भाषेत शिकवत ती भाषा आणि वर्गाबाहेर काम करण्याची त्यांना असलेली मुभा यांनीही विषयाला तितकाच आकार दिला आहे. काय शिकवले जावे हे अभ्यासमंडळाने ठरवले असले, तरी प्रत्यक्षात काय शिकवता आले हे पुष्कळदा शिकवणाऱ्याच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेनेच ठरवले. त्यामुळे या दोन इतिहासांची फारकत करता येत नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली तेव्हा राज्यशास्त्र या नावाचा स्वतंत्र विषय तेथे नव्हता. राज्यसंस्था, कायदा, प्रतिनिधित्व आणि स्वातंत्र्य यांविषयीचे विचार विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत ते इंग्लंडच्या इतिहासाच्या, नीतिशास्त्राच्या आणि अर्थकारणाच्या तासांतून. या अर्थकारणाच्या विषयाला मराठीत नाव देण्याचा प्रश्न विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीच उभा राहिला होता. हरि केशवजी यांनी १८५०च्या दशकात त्यासाठी ‘देशव्यवहारव्यवस्था’ असा शब्द योजला, तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याच सुमारास ‘अर्थशास्त्र’ हा शब्द वापरला. पुढे ‘अर्थशास्त्र’ रुळले आणि ‘देशव्यवहारव्यवस्था’ विस्मरणात गेले, याची हळहळ वाटावी इतका तो शब्द अर्थवाही होता. कारण देशाचा व्यवहार आणि त्याची व्यवस्था या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदत होत्या. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती कौटिल्याच्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत १९०५ साली आली आणि १९०९ साली तो ग्रंथ छापून निघाला, तेव्हा मराठी वाचकांपुढे एक विचित्र पेच उभा राहिला. ज्याला आपण अर्थशास्त्र म्हणू लागलो होतो तो संपत्तीचा विचार होता आणि कौटिल्य ज्याला अर्थशास्त्र म्हणत होता तो मुख्यतः राज्य मिळवण्याचा, राखण्याचा आणि चालवण्याचा विचार होता. आजही पदवीच्या वर्गात कौटिल्याच्या सप्तांग सिद्धांताला, म्हणजे राज्याची सात अंगे सांगणाऱ्या मांडणीला हात घालण्यापूर्वी अध्यापकाला या शब्दाची उकल करावी लागते.

राजकारणाचा अभ्यास आणि राजकारणात भाग घेणे यांतील सीमारेषेचा प्रश्न पुण्यात फार लवकर आणि फार तीव्रपणे पुढे आला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे दरमहा ७५ रुपये वेतनावर शिकवण्याचे वचन देत. हा आकडा केवळ त्यागाचे प्रतीक म्हणून पाहणे अपुरे ठरेल, कारण त्यामागे शिक्षकी पेशाची एक निश्चित कल्पना होती. अध्यापकाचा सगळा वेळ संस्थेचा असेल, तर त्याने बाहेर मिळकत करावी काय, बाहेरची कामे अंगावर घ्यावीत काय, हे प्रश्न त्या वचनातूनच निघत होते. बाळ गंगाधर टिळकांनी १८९० साली सोसायटीचा राजीनामा दिला त्यामागे अनेक मतभेद होते. तरी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारणे हे त्यातील शेवटचे निमित्त ठरले, कारण अशा कामामुळे सभासदाचे लक्ष अध्यापनावरून उडते अशी टिळकांची भूमिका होती. ज्यांचे नाव पुढे लोकचळवळीशी एकरूप झाले त्या टिळकांनी अध्यापकाच्या वेळेवर संस्थेचा पूर्ण हक्क सांगावा आणि पुढे नेमस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या गोखल्यांनी वर्ग व सार्वजनिक जीवन एकत्र सांभाळावे, हा उलटा वाटणारा प्रसंग महाराष्ट्रातील अध्यापकी पेशाच्या इतिहासात फार बोलका आहे. गोखल्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले, इंग्रजी आणि गणित शिकवले, नंतर इतिहास व अर्थकारण शिकवले आणि त्याच काळात वेल्बी आयोगापुढे १८९७ साली भारताच्या वित्तव्यवस्थेवर साक्षही दिली. १९०२ साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना दरमहा ३० रुपये निवृत्तिवेतन मिळाले. अंदाजपत्रकावरील त्यांच्या भाषणांत आकडे ज्या शिस्तीने मांडलेले दिसतात ती शिस्त वर्गातून आली होती, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या इतिहासाला एक वेगळा धागा जोडला गेला, तो न्यूयॉर्कमधून. कोलंबिया विद्यापीठात जॉन बर्जेस यांनी १८८० साली राज्यशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा उभारली होती आणि इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व सार्वजनिक कायदा हे विषय त्याच छत्राखाली शिकवले जात. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली तेथे गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली जो प्रबंध तयार केला, तो पदवीसाठी सादर झाला तो या राज्यशास्त्र विद्याशाखेलाच. भारतात परतल्यावर नोव्हेंबर १९१८मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली ती मात्र अर्थकारणाचे प्राध्यापक म्हणून, दरमहा ४५० रुपये वेतनावर. त्यांच्या वर्गाला इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही येऊन बसत. त्याच वेळी अध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. राज्य, नागरिक आणि समता यांचा विचार शिकवणाऱ्या पेशात नागरिकत्वाची पहिली कसोटी अध्यापक कक्षातील त्या माठापाशी लागली होती. मार्च १९२०मध्ये, लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी, त्यांनी ती नोकरी सोडली.

देशपातळीवर या विषयाच्या अध्यापकांची व्यावसायिक संघटना उभी राहिली ती १९३८ साली, भारतीय राज्यशास्त्र परिषदेच्या रूपाने, आणि परिषदेचे नियतकालिक पुढच्या वर्षी निघाले. व्यावसायिक संघटना म्हणजे येथे अध्यापकांच्या नोकरीविषयक मागण्यांसाठी लढणारी संघटना नव्हे, तर वार्षिक अधिवेशन, निबंधवाचन आणि नियतकालिक यांच्या द्वारे विषयाच्या मर्यादा आणि दर्जा ठरवणारी विद्वत्सभा होय. नोकरीविषयक लढ्यांसाठी वेगळ्या संघटना पुढे निर्माण झाल्या, आणि एकच अध्यापक दोन्ही ठिकाणी वर्गणी भरत असला तरी या दोन सभांची भाषा क्वचितच एकमेकींत मिसळली.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. मुंबई विद्यापीठात १९४८ साली नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग सुरू झाला. त्याच्या नावात नागरिकशास्त्राला दिलेले पहिले स्थान नव्या प्रजासत्ताकाची निकड सांगते. राज्य आता आपले होते, म्हणून नागरिक घडवणे हे विद्यापीठाचे काम मानले गेले. या विभागातील एम. वेंकटरंगय्या यांनी १९५२च्या सार्वत्रिक निवडणुकीचा मुंबई शहरापुरता अभ्यास केला, आणि पुण्यात स. वि. कोगेकर यांनी रिचर्ड पार्क यांच्यासह पहिल्या सार्वत्रिक निवडणुकांवरील अहवालांचे संपादन करून १९५६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रौढ मताधिकार अमलात येताच त्याची पाहणी करण्यासाठी अध्यापक बाहेर पडले, हे महत्त्वाचे आहे. कारण तोवर राज्यशास्त्र म्हणजे ॲरिस्टॉटलपासून लास्कीपर्यंतचे विचार आणि ब्रिटिश संविधानाचे वर्णन अशीच वहिवाट होती. याच परंपरेत पुणे विद्यापीठातील व. म. सिरसीकर यांनी १९६२च्या निवडणुकीत मतदार कसे वागतात याचा अभ्यास केला. त्याच वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि त्यांतून पुढे आलेल्या ग्रामीण नेतृत्वावर सिरसीकरांनी १९७० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सहकारी साखर कारखाना, जिल्हा परिषद आणि शिक्षणसंस्था या तीन ठिकाणांतून महाराष्ट्राचे राजकारण चालते ही गोष्ट जाणकारांना ठाऊक होती. ती मोजून, विचारून, तक्त्यांत मांडून अभ्यासाचा विषय करणे हे या पिढीचे काम होते.

मुंबईच्या विभागात उषा मेहता होत्या. १९४२च्या आंदोलनात भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता, १९४६ साली त्यांची सुटका झाली आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी राज्यशास्त्र शिकवले. आलू दस्तूर यांच्यासह त्यांनी १९५२ ते १९५६ या काळातील मुंबई राज्याच्या काँग्रेस कारभाराचा अभ्यास केला. ज्या पक्षासाठी तुरुंगात गेलो त्याच पक्षाच्या राजवटीची तटस्थपणे तपासणी करणे सोपे नसते, आणि सार्वजनिक काम व अध्यापन यांविषयी १८९० साली पुण्यात जो वाद झाला त्याला हे एक प्रत्यक्ष उत्तर होते.

या काळातील सर्वांत मोठा बदल मात्र विद्यापीठांच्या विभागांत नव्हे, तर तालुक्याच्या गावी उघडलेल्या महाविद्यालयांत झाला. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय १९४७ साली, औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय १९५० साली, मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ साली, असा हा विस्तार होत गेला आणि ज्यांच्या घरात पदवीधर नव्हता अशी मुले कला शाखेत येऊ लागली. त्यांना मराठीतून शिकवायचे तर शब्द हवे होते. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश, विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तके आणि मराठी विश्वकोशातील नोंदी यांनी ती गरज काही अंशी भागवली, पण शब्दाची खरी परीक्षा फळ्यापुढेच होत असे. ‘राज्य’ हा एकच शब्द घ्यावा: सार्वभौम सत्ता असलेली संस्था म्हणजे राज्य आणि महाराष्ट्र हेही राज्य, म्हणून दुसऱ्या अर्थासाठी ‘घटकराज्य’ म्हणावे लागले. ‘अधिकार’ या शब्दात व्यक्तीला मिळणारा हक्क आणि अधिकाऱ्याला असलेली आज्ञा देण्याची सत्ता असे दोन्ही अर्थ होते, म्हणून अध्यापकांनी पहिल्यासाठी ‘हक्क’ आणि दुसऱ्यासाठी ‘अधिसत्ता’ हे शब्द पक्के धरले. लोकांनी सत्तेला मनापासून दिलेल्या मान्यतेसाठी ‘अधिमान्यता’ हा शब्द आला. तो सुरुवातीला जड वाटला तरी जबरदस्तीने मिळवलेला होकार आणि मनापासून दिलेला होकार यांतील फरक त्याने मराठी विद्यार्थ्याच्या हाती दिला. असे शब्द एकदा वहीत उतरले की ते गावच्या ग्रामसभेच्या चर्चेतही पोहोचतात, आणि म्हणून पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या अध्यापकांचे ऋण संशोधनाच्या ऋणापेक्षा कमी लेखता येत नाही. नागपूरचे भा. ल. भोळे यांनी राजकीय सिद्धांत आणि भारतीय राजकारण यांवर मराठीत सातत्याने लिहिले. य. दि. फडके यांनी विसाव्या शतकातील महाराष्ट्राचा राजकीय इतिहास खंडांमागून खंड लिहून उभा केला, आणि २००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका राज्यशास्त्राच्या अभ्यासकाकडे आले.

पाठ्यपुस्तक हे किती नाजूक काम आहे ते २०१२ साली पुन्हा दिसले. राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या संविधानविषयक पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र होते. त्यातून डॉ. आंबेडकरांचा अवमान होतो असा आक्षेप घेतला गेला, संसदेत गदारोळ झाला आणि पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयात तोडफोडही झाली. आक्षेप घेणाऱ्यांची वेदना खरी होती आणि वर्गात चित्र पाहून प्रश्न विचारायला शिकवण्याचा लेखकांचा हेतूही खरा होता. दोन्ही खरे असताना संवादाची जागा मोडतोडीने घेतली, ही त्या घटनेतील दुःखाची बाब होय.

नोकरीच्या बाजूने पाहता १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, आणि तिच्यामागून आलेली राज्याची सेट यांनी पेशाचे दार बदलले. नव्वदच्या दशकात या परीक्षांशिवाय नेमल्या गेलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न वर्षानुवर्षे चिघळला, आणि २०१३ साली राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर घातलेल्या दीर्घ बहिष्काराच्या मागण्यांत तो अग्रभागी होता. दुसरीकडे मंजूर पदे रिकामी राहत गेली आणि ती तासिका तत्त्वावर भरली जाऊ लागली. तासिका तत्त्व म्हणजे अध्यापकाला महिन्याचे वेतन न देता प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे मानधन देणे. सुट्टी, परीक्षा आणि प्रवेशाचा काळ त्यात बसत नाही. सहायक प्राध्यापकाचा पूर्ण कार्यभार आठवड्याला सोळा तासांचा धरला जातो, म्हणून जून महिन्यात प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या टेबलावर राज्यशास्त्र हा विषय किती मुले निवडतात याकडे विभागातील प्रत्येकाचे डोळे लागलेले असतात. तुकडी घटली की तास घटतात, तास घटले की पद अतिरिक्त ठरते आणि तासिकेवरच्या अध्यापकाला तर पुढच्या वर्षी बोलावणेच येत नाही. फर्ग्युसनच्या आजीव सदस्याने पंच्याहत्तर रुपयांत वीस वर्षांचे वचन दिले होते, आणि त्या बदल्यात संस्थेनेही त्याला वीस वर्षांचे वचन दिले होते. तासिकेच्या मानधन-देयकावर आज जो सही करतो त्याला चालू सत्रापलीकडचे कोणतेही वचन मिळत नाही, आणि तरीही ‘राज्य’ व ‘घटकराज्य’ यांतला फरक फळ्यावर लिहून दाखवण्याचे काम बऱ्याच गावांत तोच करतो.