लाकडाला जीव कोण देतो?

गोव्याच्या शाळांतून अलीकडे मुले छोटे यंत्रमानव जुळवू लागली आहेत. २०२१ साली राज्य सरकारने या शिक्षणाची योजनाच सुरू केली. मुलाचे यंत्र चालते, दिवा लुकलुकतो, वाटेत भिंत आली की ते वळते. तरी घरची माणसे क्षणभर पाहून आपापल्या कामाला लागतात. पुढे मुलगा त्यावर दोन डोळे चिकटवतो, त्याचे नाव ठेवतो, आणि तीच माणसे ‘आज हा रुसला का?’ म्हणून विचारू लागतात. यंत्र तर तेच. मग हा फरक कशाने पडला? याचे उत्तर परदेशी ग्रंथांत शोधण्यापूर्वी पेडणे-डिचोलीच्या देवळांपुढील मांडवांत शोधावे, असे मला सुचवावयाचे आहे.

१७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तत्पूर्वी त्यांचे नाते सावंतवाडीच्या भोसल्यांशी होते. राज्याची सीमा बदलली, पण जत्रेची वाट बदलली नाही. दशावतारी मंडळी आपला पेटारा घेऊन दक्षिण कोकणातून या महालांत येत राहिली आणि दहीकाल्याच्या रात्री आजही रंगतात.

या खेळातील गणपती पाहा. त्याच्या मुखवट्याचे ओठ हलत नाहीत, पापणी लवत नाही. परंतु मान किंचित कलली, हात वर झाला, की तोच चेहरा प्रसन्न झाल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावर थोडेच रेखावे आणि उरलेले पाहणाऱ्याच्या मनावर सोपवावे, हे मुखवटा करणाऱ्याला पक्के ठाऊक होते. उलट, संकासुराचे तोंड काळ्या कापडात लपेटलेले. वेद चोरणारा हा दैत्य. पण तो बोलतो गावच्या बोलीत, चिडतो, घाबरतो, फजीत होतो. म्हणूनच मुले त्याची वाट पाहतात. रूप लक्ष वेधून घेते. जिव्हाळा लावतात ते स्वभावातील दोष.

पेडण्याहून उत्तरेस, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जपला आहे. तेथील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहुलीला दोऱ्या मोजक्याच. सारे अवयव हलविणे हे तिचे कौशल्य नव्हेच. बोलण्याआधी ती किंचित थांबते, त्या थांबण्यात आपल्याला विचार दिसतो.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. भोजराजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात लाकडी मानवाकृतींचे वर्णन आहे. जपानात चहाचा पेला घेऊन येणारी बाहुली होती. तिची रचना १७९६ सालच्या एका ग्रंथात दिलेली आहे. १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर यांनी एल्मर आणि एल्सी ही यंत्रकासवे केली. ती दिव्याकडे जात, अडखळत आणि वाट काढीत. पाहणाऱ्यांना त्यांत सजीवाचा भास होई. पुढे १९७० मध्ये मासाहिरो मोरी या जपानी विद्वानाने बजावले, की यंत्र हुबेहूब माणसासारखे होऊ लागले, पण किंचित उणे राहिले, तर ते प्रिय न वाटता भेसूर वाटते. आपल्या मुखवटेकाराने ही चूक केली नव्हती. त्याने हुबेहूबपणाचा हव्यासच धरला नाही.

मात्र जुन्या खेळात आणि नव्या यंत्रात एक मोठे अंतर आहे. बाहुलीची दोरी दिसते. मुखवट्यामागे गावाच्या ओळखीचा नट आहे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. फसण्याचा आनंद तेथे राजीखुशीने घेतलेला असतो. आज बोलकी यंत्रे मुलांच्या खोलीत शिरत आहेत. त्यांची दोरी मात्र दूरच्या कोणाच्या तरी हाती असते आणि ती दिसत नाही. गोड आवाज व मोठे डोळे यांच्या बळावर मुलाचा विश्वास मिळविणे सोपे झाले आहे. तो विश्वास कशासाठी वापरला जातो, हे विचारण्याचा अधिकार पालकांनी सोडता कामा नये.

म्हणून यंत्रमानव करू पाहणाऱ्या मुलांना एकदा तरी पिंगुळीस न्यावे, दहीकाल्याला रात्रभर जागवावे. आपल्या यंत्राला डोळे जरूर लावावेत, नाव द्यावे, थोडा हट्टी स्वभावही द्यावा. पण ते कसे चालते हे मित्रांना उघडून दाखवावे. दोरी दिसली म्हणून बाहुलीची मोहिनी कमी झाल्याचे आपल्या जत्रांत कोणी ऐकले नाही.