साखळीला दात फुटले

जुनी चेनसॉ जिवंत आहे की मेली, हे ओळखायची एक साधी परीक्षा आहे. इंजिन सुरू करायच्या दोराची मूठ हातात धरायची आणि अख्खं मशीन त्या दोरावर लोंबकळू द्यायचं. दोर सरसर सुटून मशीन खाली आलं, तर सिलिंडरमध्ये दम उरलेला नाही. तेच मशीन अडत अडत, एकेक ठोका घेत उतरलं, तर पिस्टन अजून हवा दाबून धरतोय. मग पुढच्या कष्टांना अर्थ आहे.

या परीक्षेला आज श्टील या जर्मन कंपनीची 1959 सालची कॉन्ट्रा घेऊ. वजन सुमारे 12 किलो, इंजिन 106 सीसी, ताकद 6 अश्वशक्ती. अशी मशीनं उभी करणाऱ्या माणसाच्या टेबलावर बहुधा एक नाही, तीन सांगाडे असतात. एकाचं मॅग्नेशियमचं धड शाबूत, पण पिस्टन सिलिंडरला घट्ट चिकटलेला. दुसऱ्याचं हँडल तुटलेलं, पण क्रँक आणि बेअरिंग ठणठणीत. तिसरा सांगाडा त्याच घराण्यातल्या नंतरच्या 070 मॉडेलचा. त्याच्या सिलिंडरचा व्यास कॉन्ट्राएवढाच, 58 मिलिमीटर. तीन मेलेल्यांतून एक जिवंत करायचं, हा त्याचा हिवाळ्यातला उद्योग. अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत, स्वीडनमध्ये असे लोक शेडमध्ये दिवा लावून रात्र रात्र बसतात.

नवं मशीन दुकानात मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणालाही वाटेल. मला मात्र यात कुळाचार दिसतो. कारण चेनसॉ ही चीजच मुळात इकडून तिकडून गोळा केलेल्या वस्तूंची आहे. तिचा एकेक अवयव वेगळ्या घरातून आलेला आहे.

सुरुवात करवतीपासून करू. आपला ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’वरून आला, कर म्हणजे हात, पत्र म्हणजे पातं. हाताने चालवायच्या पात्याला एक मर्यादा असते. ते पुढे जातं आणि परत यावंच लागतं. जितकी हाताची झेप, तितकीच त्याची धाव. साखळीला परतणं नाही. तिची दोन टोकं जोडली की ती नुसती पुढेच जात राहते. सगळी करामत एवढ्यातच आहे. पण ही करामत पहिल्यांदा दिसली ती जंगलात नव्हे, शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री हे दोन डॉक्टर होते. एटकिन एडिंबरोचे, जेफ्री ग्लासगोचे. अडलेल्या बाळंतिणीच्या जघनास्थीचा सांधा मोकळा करायचा किंवा सडलेलं हाड काढून टाकायचं, तर सरळ पात्याची करवत हाडापर्यंत पोचताना भोवतीचं सगळं फाडत जाई. भूल द्यायचा शोध अजून लागायचा होता, त्यामुळे प्रत्येक क्षण रोग्याच्या जिवावरचा. या डॉक्टरांनी घड्याळातल्या साखळीसारखी नाजूक साखळी घेतली, तिच्या एका कडेला दात दिले आणि दोन टोकांना दोन मुठी लावल्या. सुईच्या मदतीने साखळी हाडाच्या मागून ओवायची आणि आळीपाळीने दोन्ही मुठी ओढायच्या. हाड कापलं जाई, भोवतीचं मांस वाचे. एटकिनने 1785 साली छापलेल्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात अशा करवतीचं चित्र आहे. झाडं पाडणारी चेनसॉ बाळंतपणासाठी शोधली गेली, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. खरी गोष्ट अशी, की ती हाताने ओढायची बारीक साखळी होती. तिला ना इंजिन होतं, ना पट्टी.

पट्टी आली 1830 मध्ये. जर्मनीतल्या व्युर्त्सबर्गच्या बेर्नहार्ड हायनेने ‘ऑस्टिओटोम’ नावाचं हाड कापायचं उपकरण केलं. त्यात दातेरी साखळीची दोन टोकं जोडलेली होती, ती एका पट्टीभोवती फिरे आणि फिरवायला हँडल होतं. आजच्या चेनसॉचा आराखडा पाहावा, हुबेहूब तोच. त्या आराखड्यात आता फक्त हाताच्या जागी इंजिन आणि हाडाच्या जागी लाकूड आलं.

लाकडाकडे यायला पाऊण शतक लागलं. कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष इतके अजस्र, की दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढायची करवत त्यांच्यापुढे तोकडी पडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युअल बेन्सने 1905 मध्ये त्यांच्यासाठी अखंड साखळीच्या करवतीचं पेटंट घेतलं. पण ती चालवायला पुरेसं हलकं इंजिन कुठे होतं? ते जमवलं जर्मनांनी. आंद्रेआस श्टील या इंजिनिअरने 1926 मध्ये श्टुटगार्टला विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. वजन 64 किलो, उचलायला दोन माणसं. दुसऱ्याच वर्षी एमिल लेर्पने पेट्रोलवर चालणारं मशीन थुरिंगिया प्रांतातल्या डोलमार डोंगरावर नेऊन चालवून पाहिलं आणि पुढे त्या डोंगराचंच नाव आपल्या मालाला दिलं. तेही 58 किलोंचं. श्टीलचं पेट्रोल मशीन 1929 मध्ये आलं, 46 किलोंचं. झाड करवतीकडे वाहून नेण्याऐवजी करवत झाडाकडे न्यायची, हा त्यामागचा विचार. फक्त ती नेताना दोघांच्या पाठीचे काटे ढिले होत.

एका माणसाला पेलेल अशी करवत बनवायच्या खटपटीत भंगाराचाही हात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पूर्व टेक्सासमध्ये क्लॉड पुलान हा लाकूड-व्यावसायिक कागदासाठी लाकूड तोडणाऱ्या जर्मन युद्धकैद्यांवर देखरेख करत होता. त्याने एका जुन्या ट्रकचा मडगार्ड घेतला आणि वाकवून त्यातून साखळी फिरवायची कमान तयार केली. त्या कमानीमुळे मशीन एकट्या माणसाच्या हातात आलं. भंगारातून चेनसॉ उभी करणाऱ्या आजच्या माणसाने पुलानचं नाव घेऊनच पाना हातात धरावा.

आता टेबलाकडे येऊ. कारण पुढचे दोन अवयव हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत.

पहिला कार्बोरेटर. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. मोटरसायकल सरळ चालते, म्हणून हे जमतं. लाकूडतोड्याला मात्र मशीन आडवं धरावं लागतं, कधी जवळजवळ उलटं. वाटी कलंडली की इंजिन बंद. काही जुन्या मशीनमध्ये यासाठी इंजिन सरळच ठेवून पट्टी तेवढी आडवी-उभी फिरवायची सोय होती. विमानांनाही याच दुखण्याने छळलं होतं. ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी नाक खाली घालून झेप घेतली की त्यांची इंजिनं गचके खात. 1941 मध्ये बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत एक छोटी भोकाची चकती बसवून त्यावर तात्पुरता इलाज केला. चेनसॉपुरतं उत्तर 1950 च्या आसपास पक्कं झालं. वाटीच काढून टाकायची आणि तिच्या जागी डायफ्रॅम, म्हणजे एक पातळ पडदा, बसवायचा. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमधला दाब कमीजास्त होतो. तो दाब पडद्याला हलवतो आणि पडदा पेट्रोल ओढतो. आता मशीन कसंही धरा, पेट्रोल येतच राहतं.

कॉन्ट्राचा कार्बोरेटर उघडला की हा पडदा बोटांत येतो. वर्षानुवर्षं पडून तो लवचीक न राहता पापडासारखा कडक झालेला असतो. तो दुरुस्त होत नाही, नवाच घालावा लागतो. या कामाचा नियमच तो: धातू जुना चालतो, रबर नवं लागतं. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील नवे, पेट्रोलची नळी नवी. इथे कंजुषी केली तर सीलमधून हवा आत शिरते, मिश्रणातलं पेट्रोल कमी पडतं आणि त्यात मिसळलेलं ऑइलही कमी पडतं. मग इंजिन तापतं आणि मोठ्या मुश्किलीने मिळवलेला पिस्टन पुन्हा सिलिंडरला चिकटतो. गॅस्केट तयार मिळालं नाही तर घरीच कापतात. गॅस्केटचा कागद थेट केसिंगवर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत जायचं. केसिंगची धारच कागद कापते. हात जड पडला तर मॅग्नेशियमची कड बिघडते, म्हणून ठोकणं नुसतं टकटक एवढंच.

ठिणगीचंही तसंच. फ्लायव्हीलखाली पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, असतात. पडून राहिलेल्या मशीनच्या पॉइंटवर काळपट थर चढतो आणि ठिणगी पडत नाही. बारीक पॉलिश पेपरने तो थर काढायचा, फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवायची. मग पतंगाच्या कागदासारखा एक पातळ तुकडा पॉइंटच्या मध्ये धरायचा आणि फ्लायव्हील हाताने हळू फिरवायचं. कागद सैल होऊन हातात आला, तोच ठिणगीचा क्षण. साठ वर्षांपूर्वीच्या कुणा इंजिनिअरने ठरवलेला क्षण आपल्या बोटांना कळतो, तेव्हा मला खरंच भरून येतं.

दुसरा अवयव म्हणजे दात. 1946 पर्यंत साखळीचे दात नेहमीच्या करवतीसारखेच होते: काही लाकूड ओरखडणारे, काही ते खरवडून बाहेर काढणारे. ते लवकर बोथट होत आणि त्यांना धार लावणं हे जिकिरीचं काम होतं. त्या वर्षी शरद ऋतूत ओरेगनमधला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या जळण फोडत होता. एका बुंध्यात त्याला भुंगेऱ्याची अळी दिसली, बोटाएवढी जाड. ती लाकूड उभं-आडवं, दोन्ही दिशांना, लोण्यासारखं खात चालली होती. कॉक्सने तिचा जबडा न्याहाळला. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले दोन भाग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत होते. पोर्टलंडमधल्या घराच्या तळघरात बसून त्याने त्या जबड्याची नक्कल पोलादात केली. नोव्हेंबर 1947 मध्ये त्याची ‘चिपर’ साखळी विक्रीला आली. आज जगभरातल्या साखळ्यांवर दिसणारा, वरून वळलेला, एक डावा आणि एक उजवा असा दात तो हाच. या दाताला गोल कानस लागते. आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच हात. डाव्या बाजूला जास्त घासलं तर करवत लाकडात वाकडी जाऊ लागते.

दात मिळाले, पडदा मिळाला, इंजिनं हलकी झाली. 1949 मध्ये रॉबर्ट मॅकलॉकच्या कंपनीने 25 पौंडांचं, म्हणजे सुमारे 11 किलोंचं मशीन बाजारात आणलं. 1959 मध्ये श्टीलने मधले गिअर काढून टाकले आणि साखळी थेट इंजिनच्या वेगाने पळवली. ती ही कॉन्ट्रा.

या मॅकलॉकची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. चेनसॉच्या धंद्यात नाव कमावलेल्या या माणसाने 1968 मध्ये लंडनचा जुना पूल विकत घेतला. दगडांना आकडे घातले गेले, ते जहाजाने अमेरिकेत गेले आणि 1971 मध्ये अॅरिझोनातल्या लेक हवासू सिटीत पूल पुन्हा उभा राहिला. आत नवं काँक्रीट, बाहेर लंडनचा जुना ग्रॅनाइट. मग तो जुना पूल म्हणायचा की नवा? जुनी चेनसॉ उभी करणाऱ्यालाही हेच विचारतात: सिलिंडर एकीचा, क्रँक दुसरीची, सील नवे, मग यात कॉन्ट्रा उरली किती? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. देवळाचा जीर्णोद्धार होतो, शिखर नवं येतं, सभामंडप नवा येतो, तरी गावासाठी देऊळ तेच असतं. जीर्णोद्धारात सगळं जपायचं नसतं. काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, याचं भान जपायचं असतं.

त्या भानात एक सावधगिरीही येते. कॉन्ट्राच्या काळात साखळी झटक्यात थांबवणारा चेन-ब्रेक नव्हता. पट्टीचं टोक लाकडावर आपटलं की ती उसळून माणसाच्या अंगावर येई. कंप शोषणारी रबरं नव्हती. दिवसेंदिवस अशी मशीनं चालवणाऱ्यांची बोटं रक्त न पोचल्याने पांढरी पडत. म्हणून उभी केलेली जुनी चेनसॉ दोन ओंडके कापून दाखवायची, रोजच्या कामाला जुंपायची नाही. आणि या यंत्राने किती जंगलं वेगाने आडवी केली, हेही त्याच्या कुळकथेतून वगळता येत नाही. तरीही 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा रस्त्यांवर आडवे पडलेले वृक्ष बाजूला करून गावागावांना पुन्हा जोडायला हीच करवत लागली. जिचा जन्म माणूस वाचवायच्या खटपटीत झाला, तिने त्या दिवसांत आपलं मूळ राखलं.

शेवटी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, पंचविसाला एक. चोक ओढायचा, दोर खेचायचा. एकदा, दोनदा, आठदा. मग एक खोकल्यासारखा आवाज, निळसर धूर आणि तो घोगरा, कान भरून टाकणारा नाद. ओंडक्यावर साखळी टेकवायची, एक काप घ्यायचा आणि मशीन बंद करून खाली वाकायचं. जमिनीवर पडलेलं मुठीत घेऊन पाहायचं. पिठासारखा भुसा असेल, तर कानस घेऊन पुन्हा बसायचं. पण जाड, चौकोनी, ओलसर ढलप्या हातात आल्या, तर तीन सांगाड्यांतून उभं राहिलेलं हे मशीन त्या अळीच्या चालीने लाकूड खाऊ लागलं आहे.