कांजण्या कशा ओळखायच्या?

अंगावर दोन-चार पुळ्या दिसल्या की आपल्या घरांत पहिलं वाक्य ठरलेलं, 'गरमी झाली असेल' नाहीतर 'मच्छर चावला असेल.' कांजण्या, ज्यांना काही घरांत छोटी माता म्हणतात, अशाच सुरू होतात. व्हेरिसेला झोस्टर या विषाणूमुळे हा आजार होतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला १० ते २१ दिवस लागतात, म्हणून मुलाला तो कुठून लागला हे सहसा आठवतही नाही.

आधी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, जेवणावरून मन उडणं. लहान मुलांत कधी थेट पुरळच उठतं. छाती, पाठ, चेहऱ्यावर सुरुवात होते, मग ते हातापायांकडे पसरतं. लाल पुळी, तिच्यात पाणी भरून फोड, नंतर खपली. खाज तर विचारू नका. आम्ही एकच खूण पक्की लक्षात ठेवायला सांगतो: कांजण्यांत पुळी, फोड आणि खपली तिन्ही एकाच वेळी अंगावर दिसतात, कारण काही दिवस नवे फोड येतच राहतात. केसांत आणि तोंडातही बघा. गोवरात खोकला, सर्दी, लाल डोळे असतात आणि पुरळात पाणी भरत नाही. लस घेतलेल्या मुलाला मात्र थोड्याच पुळ्या येतात, तिथे भलेभले फसतात.

पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आजार पसरतो. तोवर शाळा नाही, मदरसा नाही. इयादत सवाबाचं काम खरं, पण ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत आणि लसही झालेली नाही, त्यांनी ती फोनवर करावी. घरात अशी गरोदर सून, भावजय असेल किंवा नवजात बाळ असेल, आणि त्यांचा रुग्णाशी संपर्क आला असेल, तर पुरळाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मोठ्या माणसांनाही हा आजार जास्त जड जातो.

श्वास लागणं, मान ताठणं, मूल सुस्त पडणं, सतत उलट्या, चार दिवसांपेक्षा जास्त ताप, फोडाभोवती सूज किंवा पू दिसला तर लगेच दवाखाना गाठा. तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच. आंघोळ बंद करायची गरज नाही, कोमट पाणी चालतं. नखं तेवढी आजच कापा.