बावीस हजारांची वर्गणी

बावीस हजार रुपये! १९३८ च्या ७, ८ आणि ९ जुलैला देशभर ‘चीन दिन’ पाळून काँग्रेसने जमवलेली ही रक्कम. परक्या देशाच्या रणभूमीवर औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि डॉक्टर पाठवायचे, एवढ्यासाठी. वर्गणीला आमच्या मोहल्ल्यात चंदा म्हणतात. तो मशिदीसाठी, कुणा गरिबाच्या मुलीच्या लग्नासाठी मागितला जातो. पण ज्यांच्या गावांची नावेही धड उच्चारता येत नाहीत, त्यांच्या जखमांसाठी चंदा, आणि देणारे स्वतःच गुलामीत, हे प्रकरण निराळेच म्हणायचे.

मागणी तिकडून आली होती. चीनच्या साम्यवादी फौजेचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे मागितली. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली हरिपुऱ्याला अधिवेशन भरले, त्यात चीनला पाठिंब्याचा ठराव झाला. हरिपुरा काही लांब नाही. आपल्या प्रकाशाहून पुढे गेलेली तापीच त्या गावाजवळून वाहते. वर्गणीचे आवाहनही सुभाषबाबूंचेच. ७ जुलै ही तारीख मुद्दाम धरली होती. १९३७ मध्ये त्याच दिवशी पेकिंगजवळच्या लुकोच्याओ पुलावर जपानी सैन्याने युद्धाला तोंड फोडले होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे. वाटेत वडील गेल्याची बातमी आली, तरी ते मागे फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले.

आघाडीवर नेलेली औषधे किती दिवस पुरणार? जपान्यांची नाकेबंदी होती. पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा बांधाव्या लागत. तिथेच काम करणाऱ्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी एक युक्ती काढली. तिथले शेतकरी गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पाट्या टाकून शेणखत वाहत. त्या धर्तीवर त्यांनी खेचरासाठी लाकडी सांगाडा बनवून घेतला. त्यात शंभर शस्त्रक्रिया आणि पाचशे मलमपट्ट्या होतील एवढे सामान बसे. आकार कमानीसारखा, म्हणून नाव ठेवले लुकोच्याओ! इस्पितळाच्या इमारतीपेक्षा मला ही शेणखताच्या पाटीतून निघालेली शस्त्रक्रियेची खोली अधिक मोठी वाटते.

पण सांगाडा भरायला औषध हवे ना! १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटाला कापले, विष अंगभर पसरले. सल्फा औषध जवळ नव्हते. १२ नोव्हेंबरला ते गेले.

त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. ते चिनी भाषा शिकले, तिथल्या तरुणांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, त्यावर पुस्तक लिहायला घेतले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले.

१९४२ च्या ९ सप्टेंबरला इकडे नंदुरबारात माणिक चौकात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ९ डिसेंबरला, तिकडे कोटणीस फेफऱ्याने वारले. वय बत्तीस. पुस्तक अर्धेच राहिले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.