क्रूझवर जाताय? ‘यलो फीवर’चा दाखला कधी लागतो, कधी लागत नाही, जाण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : गुहागर, दापोली, मंडणगड, राजापूर या तालुक्यांतल्या अनेक वाड्यांमध्ये एखादा तरी माणूस ‘बोटीवर’ असतोच. कुणी क्रूझच्या किचनमध्ये, कुणी हाऊसकीपिंगला, कुणी इंजिनरूममध्ये. अलीकडे हीच मुलं आईवडिलांनाही परदेशी क्रूझची सफर घडवू लागली आहेत. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, मेडिकल यांची धावपळ सगळे करतात. लसीचा दाखला मात्र शेवटच्या आठवड्यात आठवतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो. कारण हा दाखला लस घेतल्या दिवशी लागू होत नाही. त्याला १० दिवस जावे लागतात. विमान आठ दिवसांवर असेल तर पैसे देऊनही हे दिवस विकत मिळत नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. कोविडचं सर्टिफिकेट म्हणजे हा दाखला नव्हे. कोविडच्या लसीची सक्ती बहुतेक क्रूझ कंपन्यांनी केव्हाच उठवली. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत प्रवाशाकडे ज्या आजाराच्या लसीचा दाखला मागता येतो असं नाव घेऊन लिहिलेलं आहे, तो आजार म्हणजे यलो फीवर, मराठीत पीतज्वर. दुसरा गैरसमज याच नावातून होतो. ‘पिवळा ताप’ म्हटलं की आपल्याकडे कावीळ आठवते आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असली की माणूस निश्चिंत होतो. कावीळ वेगळी, यलो फीवर वेगळा. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

भारत एवढा कडक का?

हा आजार आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात आहे. भारतात तो नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे भरपूर आहे. पावसाळ्यात डेंगी पसरवतो तोच हा डास. टायरमध्ये, कुंडीखाली, उघड्या टाकीत साचलेल्या पाण्यात होणारा. म्हणजे वाहक डास इथे आहे, नाही तो फक्त विषाणू. बाधा झालेला एक माणूस मुंबईत उतरला आणि त्याला इथले डास चावले, तर पुढचं सांगायला नको. या आजारावर नेमकं औषध नाही. लस मात्र खात्रीची आहे, आणि बहुतेकांना एकच डोस आयुष्यभर पुरतो. १९३० च्या दशकात ती तयार झाली. त्या कामासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं.

म्हणूनच आपल्याकडे हा दाखला जाताना कमी आणि परत येताना जास्त विचारला जातो. गावाकडची बरीच माणसं इथेच फसतात. उदाहरण ब्राझीलचं घ्या. भारतातून थेट ब्राझीलला गेलेल्या प्रवाशाकडे तिथे उतरताना हा दाखला मागण्याचा नियम नाही. माणूस म्हणतो, तिकडे कुणी विचारलं नाही, म्हणजे लागत नाही. पण सांतोस किंवा रिओला बोटीवरून उतरून तो दोन दिवसांत मुंबई विमानतळावर आला, की इथले आरोग्य अधिकारी दाखला मागतात. नसेल तर अलग ठेवलं जातं. हे अलगीकरण धोक्याचा देश सोडल्यापासून जास्तीत जास्त ६ दिवस असतं. घरी लग्न असो वा गणपती, त्यात सूट नाही.

नियम नेमका काय आहे

धोक्याच्या देशातून निघून ६ दिवसांच्या आत भारतात पोहोचणाऱ्या प्रत्येकाकडे दाखला हवा. सहा महिन्यांखालचं बाळ तेवढं यातून सुटतं. सहाच दिवस का? विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायला साधारण ३ ते ६ दिवस लागतात. तेवढे दिवस तब्येत ठणठणीत राहिली तर धोका टळला, असा हा हिशेब आहे. त्यामुळे सांतोसला बोट सोडून कुणी आठ दिवस लिस्बनला राहिला आणि मग भारतात आला, तर तो या नियमात बसत नाही. पण सोमवारी सांतोस सोडून दुबईमार्गे बुधवारी मुंबईत आला, तर बसतो. मध्ये दुबईला विमान बदललं याने काही फरक पडत नाही.

समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी आणखी एक कलम आहे. जहाजाने भारतात येण्याआधीच्या ३० दिवसांत धोक्याच्या देशातलं एखादं बंदर केलं असेल आणि ठरलेल्या पद्धतीने जहाजावर डासनाशक फवारणी झालेली नसेल, तर त्या जहाजावरच्या प्रवाशांना आणि खलाशांनाही दाखला दाखवावा लागतो. मोम्बासा करून मुंबईला येणारी बोट हे याचं सरळ उदाहरण. माणूस स्वतः मोम्बासाला खाली उतरला की नाही हा प्रश्न इथे येत नाही, प्रश्न बोटीचा असतो.

लस घेतली आहे पण १० दिवस पूर्ण झालेले नाहीत, असा प्रवासी आला तर? दाखला लागू होईपर्यंत किंवा ते ६ दिवस संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर त्याला थांबवता येतं.

कोणत्या मार्गाला लागतो?

‘क्रूझला लस लागते का’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘बोट कुठे कुठे लागणार’ हे विचारायला हवं. बुकिंग केल्यावर बंदरांची यादी मिळते, ती आधी हातात घ्यावी.

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप, श्रीलंका: लागत नाही. सिंगापूर-मलेशिया-थायलंड, भूमध्य समुद्रातली इटली-ग्रीस-स्पेन सफर, नॉर्वे, अलास्का, दुबई-ओमान: भारतातून थेट जाऊन थेट परत येणाऱ्याला लागत नाही.

कॅरिबियनला मात्र गोंधळ होतो. बहामा, जमैका, बार्बाडोस धोक्याच्या यादीत नाहीत, पण त्रिनिदाद आहे. पनामाही भारताच्या यादीत आहे, त्यामुळे पनामा कालव्याची सफर करणाऱ्यांनी दाखला करून ठेवलेला बरा. (हा कालवा आधी फ्रेंचांनी खणायला घेतला होता. त्यांची हजारो माणसं मलेरियाने आणि याच पीतज्वराने गेली आणि काम सोडावं लागलं.) दक्षिण अमेरिकेत ब्राझील, अर्जेंटिना, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, व्हेनेझुएला, गयाना, सुरीनाम हे देश यादीत आहेत. आफ्रिकेत केनिया, नायजेरिया, घाना, सेनेगल, गॅम्बिया, आयव्हरी कोस्ट, अंगोला, कॅमेरून आणि इतर बरेच. यातले घाना, आयव्हरी कोस्टसारखे काही देश तर उतरतानाच सगळ्यांकडे दाखला मागतात.

बंदरांचा क्रमही बघावा लागतो. एखादा देश भारतातून आलेल्याला काही विचारणार नाही, पण तोच माणूस केनियाहून आला तर विचारेल. धोक्याच्या देशानंतर बोट जिथे जिथे लागणार, तिथले नियम वेगळे पाहावे लागतात. क्रूझ कंपनीकडून हे ईमेलवर लेखी मागवा. ट्रॅव्हल एजंटच्या ‘काही लागत नाही हो’ या शब्दावर विमानतळावर कुणी सोडत नाही, आणि विमान कंपनीने चेक-इनलाच अडवलं तर तिकिटाचे पैसेही अडकतात.

लस कुठे मिळते

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ही लस मिळत नाही. केंद्र सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच ती देतात आणि दाखलाही त्यांचाच चालतो. आपल्या भागाला सोयीची म्हणजे मुंबईतली बंदर आरोग्य संस्था आणि विमानतळ आरोग्य संस्था. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडच्यांना गोव्यात मुरगावची बंदर आरोग्य संस्था जवळ पडते. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते.

थेट रात्रीची गाडी पकडून जाऊ नका. आधी वेळ घ्या. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि कुपी एकदा फोडली की काही तासांतच संपवावी लागते, उरलेली लस फेकावी लागते. म्हणून बहुतेक केंद्रं ठरावीक वारी, ठरावीक वेळी आणि नोंदणी केलेल्यांनाच लस देतात. सोबत मूळ पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स हवी. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. नंतर एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी होऊ शकते.

दुसरी एखादी जिवंत विषाणूची लस, जसं की गोवरची किंवा कांजिण्यांची, घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर मध्ये ४ आठवडे जाऊ द्यावेत. बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. बऱ्याच क्रूझ कंपन्या कर्मचाऱ्यांकडे गोवर, कांजिण्यांच्या लसींची नोंदही मागतात, आणि जॉइनिंगची तारीख जवळ आली की दोन लसींमधलं हे अंतर अंगाशी येतं. जॉइनिंग लेटर येण्याची वाट न बघता, सीडीसी आणि मेडिकलच्या धावपळीतच यलो फीवरचंही उरकून घेतलेलं चांगलं. दाखला वाया जात नाही.

म्हाताऱ्या आईवडिलांना नेताना

ही लस सगळ्यांना देत नाहीत. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले, कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले आणि थायमस ग्रंथीचा विकार असलेले यांना ती चालत नाही. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला अंगावर पाजणारी आई यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. नऊ महिन्यांखालच्या बाळांना ती सहसा देत नाहीत, आणि भारताची सूट सहा महिन्यांखालच्यांनाच आहे. मधल्या तीन महिन्यांच्या बाळाची पंचाईतच होते. अशा बाळाला घेऊन त्या देशांत न गेलेलंच बरं.

साठी ओलांडलेल्यांचा विचार वेगळा करावा. या वयात पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. असा त्रास क्वचितच होतो, पण होतो. म्हणून ‘असू दे, टोचून ठेवू’ असं इथे करू नये. सत्तरीच्या वडिलांना समुद्रच दाखवायचा आहे ना, मग ज्या मार्गाला लस लागत नाही तो निवडा. जायचंच असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवून त्यांचं लेखी मत केंद्रावर न्या.

लस घेता येत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलेला सवलतीचा दाखलाही असतो. पण तो मान्य करायचा की नाही हे समोरचा देश ठरवतो. त्यामुळे निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाकडे आणि क्रूझ कंपनीकडे विचारणा करायलाच हवी.

पुस्तिका हातात पडली की तिथेच तपासा

दाखला म्हणजे पिवळ्या रंगाची छोटी पुस्तिका. काउंटर सोडण्याआधी ती वाचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, लसीचा बॅच नंबर, लस दिल्याची तारीख भरलेली हवी. डॉक्टरांची सही हाताने केलेली हवी आणि केंद्राचा शिक्काही हवा. नुसता शिक्का सहीच्या जागी चालत नाही. खाडाखोड असेल किंवा एखादा रकाना रिकामा असेल तर दाखला बाद ठरू शकतो.

प्रत्येकाचा दाखला स्वतंत्र असतो, कुटुंबाचा एकत्र चालत नाही. त्यावर धारकाची सही लागते. लहान मुलासाठी आई किंवा वडील सही करतात. आजी-आजोबांना सही येत नसेल तर अडचण नाही. अंगठा चालतो, पण तो त्यांचाच असल्याचं दुसऱ्या माणसाने तिथे लिहावं लागतं.

लस न टोचता ‘पुस्तिका घरपोच देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. पकडलं गेलं तर प्रवास तर बुडतोच, वर बनावट कागदाचं प्रकरण मागे लागतं. आणि अंगात लस नसताना त्या भागात फिरणं हा जिवाशी खेळ आहे.

जुन्या पुस्तिकेवर ‘१० वर्षं वैध’ असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. ११ जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर वैध आहे आणि तो बदल जुन्या दाखल्यांनाही लागू आहे. केवळ ती मुदत संपली म्हणून कुणी पुन्हा टोचून घ्यायला सांगत असेल तर त्याला हे सांगा. पासपोर्ट नवीन काढला असेल तर पुस्तिकेत जुना नंबर राहतो, तेव्हा जुना पासपोर्टही सोबत बाळगा.

पुस्तिका हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. तिच्या सर्व पानांचे फोटो काढून घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा. तपासणीला मूळ पुस्तिकाच दाखवायची असते, फोटोवर विसंबता येत नाही. पण ती हरवली तर बॅच नंबर आणि तारीख या फोटोंवरूनच सापडते, आणि ज्या केंद्रात लस घेतली तिथे दुसरी प्रत मागायला जाताना तेवढाच आधार असतो.