स्टोक पार्क : गोल्फचं मैदान आणि बाईंची कविता

"तू गोल्फ खेळलीस म्हणे, त्यावर लिही," असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा आदेश आला. मित्रमैत्रिणींनो, खरं सांगते, मी आयुष्यात एकदाच गोल्फ खेळले. २०१४ मध्ये कामानिमित्त इंग्लंडला असताना तिथल्या सहकाऱ्यांनी आम्हाला बकिंगहॅमशायरमधल्या स्टोक पार्कला नेलं. शाळेमागचा विटीदांडू तिथे काही कामाला आला नाही. सातव्या होलला पाणी आडवं येतं. माझे तिन्ही चेंडू त्यातच गेले.

हे मैदान १९०८ चं. क्लब काढला निक लेन जॅक्सन यांनी, आखणी हॅरी कोल्ट यांची. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचा प्रसिद्ध बारावा होल या सातव्या होलवरूनच सुचला, असं गोल्फवाले सांगतात. 'गोल्डफिंगर' (१९६४) मधला जेम्स बाँडचा गोल्फचा सामना इथलाच. २०२१ मध्ये ही सगळी मालमत्ता रिलायन्सने ५ कोटी ७० लाख पौंडांना विकत घेतली, तेव्हा आपल्या ग्रुपवर केवढी चर्चा झाली होती!

मैदानाच्या मधोमध पांढरा वाडा आहे. त्याची गोष्ट मात्र गोल्फपेक्षा जुनी. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याचा मुलगा थॉमस याने १७६० मध्ये ही जहागीर घेतली. पेनसिल्व्हेनियाची मालकी या घराण्याकडे होती. तिथे १७३७ मध्ये थॉमस आणि त्याच्या भावांनी एका जुन्या कराराच्या आधारे लेनापे या मूळ रहिवाशांकडे जमीन मागितली : दीड दिवसात माणूस चालून जाईल तेवढी. चालायला निवडक चपळ माणसं नेमली. वाट आधीच साफ करून ठेवली होती. एकाने सुमारे ७० मैल गाठले आणि जवळजवळ १२ लाख एकर जमीन गेली. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली. तिथल्या सरकारने पेन घराण्याची बहुतेक जमीन काढून घेतली, पण १७७९ मध्ये १ लाख ३० हजार पौंडांची भरपाई मंजूर केली. लेनापे लोक तोवर पश्चिमेकडे हुसकले गेले होते. भरपाईचा आधार असलेल्या थॉमसच्या मुलाने, जॉनने, १७९० च्या दशकात हा वाडा उभारला. तो पुरा केला वास्तुकार जेम्स वायट यांनी.

खेळ आटोपल्यावर मी मैदानाला लागून असलेल्या चर्चकडे गेले. फाटकापाशी नाव वाचलं आणि थबकले : स्टोक पोजेस. आपल्या इंग्रजीच्या बाई पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून जी कविता शिकवायच्या, ती थॉमस ग्रेची 'एलेजी' (१७५१) या दफनभूमीशी जोडलेली! खेड्यातल्या अनाम, गरीब माणसांवरची कविता. संधी मिळाली असती तर त्यांतलंही कोणी मोठं झालं असतं, असं सांगणारी. ग्रेची आई याच गावात राहायची. इथेच १७४२ मध्ये त्याने आपल्या शाळेवर, जवळच्या ईटनवरही कविता लिहिली : दूरवर दिसणारी शाळा, पुढचं काही ठाऊक नसलेली खेळणारी मुलं. म्हणजे आपल्या स्मरणिकेचाच विषय.

शेजारच्या शेतात ग्रेचं भलंमोठं स्मारक आहे. ते १७९९ मध्ये उभारलं याच जॉन पेनने. ज्याच्या घराण्याने हजारो अनाम माणसांची जमीन घेतली, त्याने अनाम माणसांच्या कवीचं स्मारक बांधावं! ग्रे स्वतः मात्र आईच्याच थडग्यात विसावला आहे. थडग्यावर आईसाठी त्याने लिहिलेला मजकूर आहे. तो तिथे असल्याचं समोर चर्चच्या भिंतीवरची पाटी सांगते.

तिथे उभी असताना मला आपले घंटा वाजवणारे शिपाईमामा आठवले. उशीर झाला की आपल्याला मागच्या दाराने आत घेणारे. या स्मरणिकेत मुख्याध्यापकांची यादी आहे, बोर्डात आलेल्यांची आहे. मामांचं नाव मी चार जणांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही. दहा वर्षं आपण त्यांना नुसतं 'मामा' म्हणत होतो.

मेळाव्याला येताना जुने फोटो, वह्या चाळून या. कोणाला नाव सापडलं तर या पानाच्या कोपऱ्यात लिहू. जागा सोडली आहे.