बॉन्डायच्या किनाऱ्यावरील पहारा

इसवी सन १८३३ मध्ये न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या सरकारने सिडनीच्या बंदरात सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत उघड्यावर स्नान करण्यास मनाई केली, आणि पाच वर्षांनी हाच निर्बंध वसाहतीतील इतर नगरांच्या हद्दींनाही लागू झाला. या हुकुमाचा हेतू सभ्यतेच्या रक्षणाचा होता. स्नान करणाऱ्याचा प्राण वाचावा, हा विचार त्याच्या कर्त्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही. परिणाम मात्र असा झाला की, ज्या नगराला बॉन्डाय, कूजी, मॅन्ली यांसारखे विस्तीर्ण वालुकामय किनारे निसर्गाने मुक्तहस्ते दिले होते, तेथील बहुसंख्य नागरिक समुद्र दुरूनच पाहत वाढले, आणि लाटेखाली पाणी कोणत्या दिशेने ओढते ही विद्या, जी पाण्यात उतरल्यावाचून प्राप्त होत नाही, त्यांच्यापाशी पिढ्यानुपिढ्या साचू शकली नाही.

१९०२ च्या ऑक्टोबरात विल्यम गोखर या स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाने आगाऊ जाहीर करून मॅन्लीच्या किनाऱ्यावर दिवसाढवळ्या समुद्रस्नान केले, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही. पुढल्याच वर्षी तेथील नगरपालिकेने मानेपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकण्याच्या अटीवर दिवसा स्नानाची मुभा दिली. आता मुलाबाळांसह सबंध कुटुंबे किनाऱ्यावर लोटू लागली. परंतु त्यांतील अनेकांना पोहता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनाही खुल्या महासागराचा स्वभाव ठाऊक नव्हता.

तो स्वभाव येथे थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून ओततात, ते परत जाताना वाळूच्या उंचवट्यांमधला खोल भाग शोधते आणि दोन वाफ्यांमधल्या पाटासारखे त्यातून वेगाने समुद्राकडे धावते. अशा ओढीच्या जागी लाटा बहुधा फुटत नाहीत, फेस थोडा असतो, पाणी गडद आणि शांत दिसते. म्हणून लाटांना भिणारी आई आपल्या लेकराला नेमकी तेथेच उतरविते. ओढीत सापडलेला मनुष्य किनाऱ्याच्या रोखाने, म्हणजे प्रवाहाच्या थेट विरुद्ध, हातपाय मारू लागतो आणि थकून बुडतो; वास्तविक, धीर धरून तरंगत राहिल्यास, किंवा किनाऱ्याला समांतर काही अंतर पोहल्यास, त्या अरुंद प्रवाहाबाहेर पडण्याची संधी असते. हे भय डोळ्यांना दिसत नाही, त्याला दात नाहीत, आणि म्हणूनच मनुष्यहानीच्या मानाने त्याची धास्ती फार थोड्यांना वाटते.

या अदृश्य शत्रूवर सिडनीकरांनी जो उपाय काढला, तो सरकारी बंदोबस्ताचा नव्हता, यातच त्याचे मोठेपण आहे. १९०७ च्या प्रारंभी बॉन्डाय येथे स्वयंसेवकांचे जीवरक्षक मंडळ स्थापन झाले. प्रथम मंडळ आपलेच, असा दावा शेजारचे ब्रॉन्टीही करते. लाकडी चौकटीवरील मोठ्या रिळाला दोर गुंडाळलेला, दोराच्या टोकाचा पट्टा कमरेस बांधून एकजण पाण्यात झेपावणार, आणि किनाऱ्यावरचे सहकारी शिस्तीने दोर सोडून पुन्हा ओढून घेणार, अशी त्यांची बचावाची पद्धत होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत बॉन्डायच्या पाण्यातून वाचविलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ. १९२८ मध्ये पॅसिफिक महासागर विमानाने प्रथम ओलांडणारा वैमानिक तो हाच.

या पहाऱ्याची खरी कसोटी ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागली. रविवारची अलोट गर्दी वाळूच्या उंचवट्यावर कमरेइतक्या पाण्यात निर्धास्त उभी असताना लागोपाठ प्रचंड लाटा आल्या आणि परतीच्या पाण्याने शेकडो माणसे एकदम खोल पाण्यात खेचून नेली. दैवयोगाने त्या वेळी किनाऱ्यावर जीवरक्षक नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक संख्येने हजर होते. सुमारे अडीचशे जण बाहेर काढले गेले, पाच दगावले. एक कपर्दिकही न घेता त्या तरुणांनी बजावलेल्या कामगिरीपुढे मस्तक नम्र होते.

शार्कचा प्रश्न निराळा. १९२२ मध्ये कूजी येथे थोड्याच आठवड्यांच्या अंतराने दोन जण शार्कच्या हल्ल्यात मरण पावल्यापासून लोकांत घबराट पसरली, आणि १९३७ पासून सरकारने निवडक किनाऱ्यांसमोर जाळी टाकण्याचा शिरस्ता सुरू केला. ही जाळी म्हणजे किनारा बंद करणारी भिंत आहे, हा समज चुकीचा आहे. ती सुमारे १५० मीटर लांबीची, पृष्ठभागाखाली सोडलेली असतात. शार्क त्यांच्या बाजूने, वरून वा खालून जाऊ शकतो, आणि कासवे, डॉल्फिन, पाकट असे निरुपद्रवी जीवही त्यांत अडकून मरतात. ओढीने कितीतरी अधिक बळी घेतले असता सरकारदरबारी अधिक चिंता शार्कची वाहिली गेली, हे मला या इतिहासातील मोठे न्यूनच वाटते.

ब्लू बॉटल नावाचा निळा जलचर मात्र दर उन्हाळ्यात ईशान्येच्या वाऱ्याबरोबर तेथे येतो, आणि आपल्या जुहू-गिरगावच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात. त्याचे तंतू वाळूवर मेल्यासारखे पडले तरी दंश करतात. तंतू हलकेच काढावेत, जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटे बुडवून ठेवावी, हा तेथील आजचा उपचार आहे. व्हिनेगर क्वीन्सलंडच्या उष्ण समुद्रातील बॉक्स जेलीफिशसाठी योग्य. ब्लू बॉटलला ते लावू नये.

लाल-पिवळ्या निशाणांच्या जोडीमध्येच पोहावे, हा नियमही याच परंपरेतला. पाण्याची परीक्षा करून निशाणे रोवली जातात आणि ओढ सरकली की हलविली जातात. स्त्रियांना या पहाऱ्यात पूर्ण सभासदत्वाचा हक्क १९८० साली मिळाला. इतका विलंब त्या थोर संस्थेला शोभणारा नव्हता. गोव्यात २००८ पासून पगारी जीवरक्षक नेमले गेले आणि तीच लाल-पिवळी निशाणे तेथे फडकू लागली. कोकणात मात्र समुद्राचा जाणकार आजही किनाऱ्यालगतच्या कोळीवाड्यातच भेटतो. पुष्कळदा बुडणाऱ्या पाहुण्याला बाहेर काढणाराही तोच असतो, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या खाडीच्या मुखाशी पाणी आत ओढते, हे त्याला विचारून फलक लावण्याचे काम आमच्या ग्रामपंचायतींनी हाती घेण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.